गैरवर्तनासाठी बडतर्फी: न्यायालयात टिकणारा निर्णय कसा घ्यावा

ऑगस्ट १९८३. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात सकाळची पाळी चालू होती. अकरा चाळीसच्या सुमाराला एक कामगार लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. आरोपपत्र निघाले, चौकशी झाली, आरोप सिद्ध झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. कामावर झोपणे हा नोकरी जाण्याइतका मोठा गुन्हा आहे का, यावर कामगार न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत मते बदलत राहिली. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. मधे एकवीस वर्षे गेली.

ही बडतर्फी टिकली ती नुसत्या झोपेमुळे टिकली नाही. चौकशी रीतसर झाली होती आणि त्या कामगाराच्या नावावर आधीच्या तीन गैरवर्तनांची नोंद होती. प्रत्येक वेळी त्याला किरकोळ शिक्षेवर सोडले होते, आणि ते कागदावर होते. नेमका हाच मुद्दा या लेखात पायरी पायरीने मांडायचा आहे. मालकाची स्वतःची खात्री पटली एवढ्याने बडतर्फी न्याय्य होत नाही. त्या माणसाला कधीही न पाहिलेल्या, घटनेशी काही संबंध नसलेल्या न्यायाधीशाने दहा वर्षांनी फाइल उघडली, तर त्यालाही तोच निष्कर्ष पटला पाहिजे.

हा लेख छोट्या-मध्यम उद्योगांचे मालक आणि एचआरमधली मंडळी यांच्यासाठी आहे, आणि तितकाच आरोपपत्र हातात पडलेल्या कामगारासाठीही. नियम दोघांना सारखेच आहेत.

सगळ्यात आधी: हा माणूस कायद्याच्या नजरेत कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा व १९४६ चा स्थायी आदेश कायदा तिच्यात सामावले गेले. संहितेचे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते. पद काय लिहिले आहे यापेक्षा हातात प्रत्यक्ष काम काय आहे हे इथे पाहतात. नावाला 'ऑफिसर', पण दिवसभर नोंदी करणारा माणूस कामगारच ठरतो. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेले पर्यवेक्षक त्याबाहेर राहतात. त्यांचा हिशेब मुख्यतः नेमणूकपत्र आणि कंपनीचे सेवानियम यांवर चालतो. सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे कवच आहे आणि महाराष्ट्रात १९७९ चे शिस्त व अपील नियम लागतात.

नव्या संहितेत स्थायी आदेशांचे, म्हणजे आस्थापनेतल्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या लेखी नियमांचे, बंधन ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. त्याखालच्या अनेकांचा समज झाला आहे की आता चौकशीची गरज उरली नाही. हा समज महागात पडेल. स्थायी आदेश लागू नसले तरी नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू असतात: आरोप कळवा, बाजू मांडू द्या, निःपक्षपातीपणे ठरवा. मालक-कामगारांचे वाद ऐकणाऱ्या औद्योगिक न्यायाधिकरणाला बडतर्फी तपासण्याचा अधिकार आहे आणि अनुचित कामगार प्रथांची, म्हणजे कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीची, यादीही जागेवर आहे. चौकशीबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल याच तत्त्वांवर उभे आहेत, म्हणून पुढे त्यांचाच आधार घेतला आहे.

पायरी १: हे खरोखर गैरवर्तन आहे का?

काम जमत नाही आणि काम मुद्दाम केले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनवर पुरेसे उत्पादन न काढणाऱ्या माणसाला प्रशिक्षण कमी पडले असेल, आजार असेल, मशीन जुनाट असेल. अशा माणसावर 'कामात हयगय' म्हणून आरोपपत्र काढले, तर हेतू सिद्ध करताना तोंडाला फेस येतो. गैरवर्तनात जाणूनबुजून केलेली कृती किंवा अक्षम्य बेपर्वाई दिसली पाहिजे.

दुसरा प्रश्न यादीचा. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून जे नमूद नाही, त्यासाठी शिक्षा करता येत नाही. त्यामुळे आरोप ठरवण्याआधी स्थायी आदेश किंवा सेवानियम प्रत्यक्ष उघडून कलम शोधा. आठवणीवर लिहू नका. ज्यांच्याकडे स्थायी आदेश नाहीत, त्यांनी गैरवर्तनांची यादी नेमणूकपत्रात किंवा सेवानियमांत आधीच घालून ती मराठीत समजावून द्यायला हवी. घटना घडून गेल्यावर केलेला नियम त्या घटनेला लावता येत नाही.

चोरी, अफरातफर, मारहाण, लाच, मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस, दारू पिऊन कामावर येणे, खोटे दाखले देऊन मिळवलेली नोकरी, लैंगिक छळ. यांतली एक घटनाही बडतर्फीपर्यंत नेऊ शकते. उशिरा येणे, न सांगता जागा सोडणे, किरकोळ हुज्जत अशा गोष्टींत पहिल्याच वेळी बडतर्फी जवळपास कधीच टिकत नाही. तिथे लेखी ताकिदींची साखळी लागते. तोंडी दिलेल्या दहा समजांपेक्षा पोच घेतलेले एक ताकीदपत्र जास्त उपयोगी पडते. सुपरवायझर मंडळी 'जाऊ दे, घरचा माणूस आहे' म्हणून नोंद करत नाहीत. मग एके दिवशी संयम सुटतो आणि बारा वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकावर थेट बडतर्फी येते. न्यायालयाला ते कोरे पुस्तक दिसते, तुमचा संयम दिसत नाही.

पायरी २: पुरावा सांभाळा, निलंबन जपून वापरा

घटना घडल्या दिवशीच, ज्यांनी पाहिले त्यांची लेखी निवेदने घ्या, ज्याची त्याच्या शब्दांत. सगळ्यांची निवेदने एकाच साच्यातली निघाली तर उलटतपासणीत ती एका झटक्यात कोसळतात. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते लगेच काढून ठेवा. कोणी, केव्हा, कोणत्या मशीनवरून काढले हेही लिहून ठेवा. गेटवर माल सापडला असेल तर तिथल्या तिथे पंचनामा करा. आणि एक कळकळीची विनंती: केबिनमध्ये बसवून, पोलिसांची भीती घालून कबुलीजबाब लिहून घेऊ नका. तसला कागद पुढे तुमच्याच विरुद्ध जातो. भेदरलेल्या माणसाने लिहिलेल्या चार ओळींवर त्याचे घर उद्ध्वस्त करणे मुळातच चूक आहे.

चौकशी होईपर्यंतचे निलंबन ही शिक्षा नव्हे. तो माणूस कामावर राहिल्याने पुरावा किंवा साक्षीदार बिघडण्याची किंवा भांडण वाढण्याची शक्यता असेल, तरच निलंबित करा. नव्या संहितेनुसार निलंबनापासून साधारणतः ९० दिवसांत चौकशी पुरी व्हायला हवी. पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो आणि त्यापुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के. हा भत्ता अडवून ठेवणे ही मालकांची सर्रास दिसणारी चूक. भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या खटल्यात भत्ता न मिळाल्याने कर्मचारी दूरच्या गावाहून चौकशीला येऊच शकला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ती एकतर्फी चौकशी रद्द ठरवली. ज्याच्याकडे एसटीच्या तिकिटाचे पैसे नाहीत, त्याला 'संधी दिली होती' म्हणण्यात काही अर्थ नसतो.

पायरी ३: आरोपपत्र

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव इथे असतो. चौकशीतली एखादी त्रुटी पुढे दुरुस्त होऊ शकते, मोघम आरोपपत्र नंतर सावरता येत नाही.

नेहमी दिसणारा नमुना असा: 'तुम्ही दि. १२ रोजी वरिष्ठांशी उद्धट वर्तन करून शिस्तभंग केला आहे. हे गंभीर गैरवर्तन असून आपणास बडतर्फ का करू नये याचा ४८ तासांत खुलासा करावा.' या दोन वाक्यांत किमान चार दोष आहेत. वरिष्ठ म्हणजे कोण ते नाही. उद्धट म्हणजे नेमके काय बोलला किंवा केले ते नाही. कोणत्या कलमाखाली ते नाही. आणि 'केला आहे' असे ठामपणे म्हणून वर बडतर्फीची भाषा वापरल्याने निर्णय आधीच झाल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या सहीनिशी देऊन बसलात.

त्याऐवजी असे लिहा: 'दि. १२ मार्च रोजी दुपारी अंदाजे २.४० वाजता, प्रेस शॉपमधील मशीन क्र. ४ जवळ, पर्यवेक्षक श्री. अमुक यांनी आपणास साचा बदलण्यास सांगितले असता आपण त्यांना उद्देशून पुढील शब्द उच्चारले...' आणि पुढे ते शब्द जसेच्या तसे. शिवी लिहायला हात कचरतो हे मला माहीत आहे. 'अर्वाच्य शिवीगाळ केली' असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण शब्दच कळला नाही तर कामगाराने नाकारायचे काय, आणि तो किती गंभीर होता हे न्यायाधीशाने ठरवायचे कसे? त्यानंतर 'हे आरोप सिद्ध झाल्यास स्थायी आदेशांतील अमुक कलमाखाली गैरवर्तन ठरते' अशी जोडणी. सोबत कागदपत्रांच्या प्रती आणि साक्षीदारांची यादी. खुलाशाला निदान आठवडा द्या. आरोपपत्र कामगाराला कळणाऱ्या भाषेत द्या. इंग्रजी आरोपपत्र देऊन मराठीत सही घेणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

आरोपांची खिचडी करू नका. एका घटनेवर चोरी, विश्वासघात, अफरातफर, शिस्तभंग अशी सगळी कलमे लावण्याची हौस असते. त्यातले एकही नीट सिद्ध होत नाही आणि हेतूबद्दल शंका तेवढी निर्माण होते. जे सिद्ध करू शकता तेवढेच लावा. आधीच्या गैरवर्तनांचा शिक्षेसाठी आधार घ्यायचा असेल, तर त्याचा उल्लेख इथे किंवा पुढच्या शिक्षेच्या नोटिशीत करावाच लागतो. माणसाला न सांगता त्याचा जुना इतिहास त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच स्पष्ट केले आहे.

आरोपपत्र घ्यायला नकार मिळाला तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करा, शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पोस्टाने पाठवा आणि सूचना फलकावर लावा. कंपनीच्या कागदांत गावाकडचा पत्ता असेल तर तिथेही पाठवा.

खुलासा आला की तो वाचा. हे सांगावे लागते, कारण बहुतेक फाइलींत खुलासा मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'खुलासा असमाधानकारक' हे छापील उत्तर असते. एखादा खुलासा खरा निघतो आणि प्रकरण तिथेच मिटायला हवे असते. 'चूक झाली, माफ करा' एवढ्या वाक्याला सगळ्या आरोपांची कबुली समजू नका. नेमके काय कबूल आहे ते विचारून नोंदवा.

पायरी ४: चौकशी

सूर एनॅमल कंपनीच्या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चांगल्या चौकशीच्या पाच खुणा सांगितल्या, आणि आजही प्रत्येक चौकशी त्यांवरच घासून पाहिली जाते. आरोप स्पष्ट कळवलेले असावेत. साक्षीदारांची तपासणी शक्यतो कामगाराच्या समोर व्हावी. त्याला उलटतपासणीची रास्त संधी मिळावी. स्वतःची आणि आपल्या साक्षीदारांची साक्ष देता यावी. आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह निष्कर्ष लिहावेत.

चौकशी अधिकारी कोण असावा? ज्याने घटना पाहिली, तक्रार केली किंवा प्राथमिक तपास केला तो नको. मीनग्लास चहामळ्याच्या १९६३ च्या खटल्यात ज्यांच्यावर हल्ला झाल्याचा आरोप होता, तेच चौकशीला बसले होते आणि साक्षीदार तपासलेच नव्हते. ती चौकशी टिकणे शक्य नव्हते. बाहेरचे वकील नेमले तर चालते. कंपनी त्यांना फी देते एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. मात्र त्यांनी कंपनीच्या बाजूने प्रश्न विचारत सुटायचे नाही. त्यासाठी कंपनीची बाजू मांडणारा वेगळा सादरकर्ता अधिकारी द्या.

पहिल्या बैठकीत आरोप वाचून दाखवा, कबूल की नाकबूल विचारा, चौकशी कशी चालेल ते समजावून सांगा आणि बचाव प्रतिनिधी हवा का ते विचारा. प्रतिनिधी बहुधा सहकारी कामगार किंवा मान्यताप्राप्त संघटनेचा असतो. तो कोण असू शकतो हे तुमच्या स्थायी आदेशांवरून ठरते. वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. पण कंपनीच्या बाजूने कायद्याचा जाणकार बसवला असेल, तर कामगारालाही वकील द्यावा लागतो. बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या १९८३ च्या निकालातले हे तत्त्व आहे. एका बाजूला कसलेला कायदेपंडित आणि दुसऱ्या बाजूला गांगरलेला माणूस अशी लढत न्यायाची होत नाही.

आता क्रम. आधी कंपनीने आपले साक्षीदार आणि कागद आणायचे, कामगाराने नंतर. एका चौकशीच्या रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या लेखी नोंदीत) पहिलाच प्रश्न मी असा वाचला आहे: 'तुम्ही माल का नेलात?' प्रश्न कामगाराला, तोही कंपनीचा एकही साक्षीदार तपासण्याआधी. असोसिएटेड सिमेंटच्या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच पद्धतीला अन्यायकारक म्हटले आहे. आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचा असतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी उलटेसुलटे प्रश्न विचारून पुरावा तयार करायचा नसतो.

कंपनीच्या साक्षीदाराची सरतपासणी (कंपनीच्या बाजूने विचारलेले प्रश्न) झाली की कामगाराला उलटतपासणी करू द्या. 'प्रश्न विचारायचे नाहीत' असे तो म्हणाला तर तसे शब्दशः लिहा. प्रत्येक पानावर हजर सगळ्यांच्या सह्या आणि त्याच दिवशी प्रत. सहीला नकार असेल तर त्याची नोंद. आजारपण किंवा प्रतिनिधी न येणे अशा कारणाने एक-दोन तारखा मागितल्या तर द्या. तारखा मागण्याचाच खेळ चालला असेल तर शेवटची संधी म्हणून लेखी कळवा आणि मग पुढे जा. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासावेच लागतात. कामगार आला नाही म्हणजे आरोप सिद्ध झाला, असा अर्थ होत नाही. पुढच्या प्रत्येक तारखेची सूचना त्याला पाठवत राहा आणि तो मधेच हजर झाला तर त्याला सामील करून घ्या.

पायरी ५: पुरावा किती लागतो?

फौजदारी खटल्यासारखे 'संशयापलीकडे' सिद्ध करावे लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते, हे माप इथे पुरते. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या १९७७ च्या प्रकरणात तिकीट न मिळालेल्या प्रवाशांना साक्षीला आणलेच नव्हते. तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी मानली. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम चौकशीला लागत नाहीत, विश्वासार्ह असा काही पुरावा मात्र हवा.

याची दुसरी बाजू २००९ च्या पंजाब नॅशनल बँकेच्या निकालात दिसते. तिथे पोलिसांचे कागद आणि पोलिसांपुढची कथित कबुली चौकशीत नुसती ठेवली होती. ती कोणी साक्ष देऊन शाबीत केली नव्हती. कागद ठेवला म्हणजे सिद्ध झाला असे होत नाही, असे सांगून न्यायालयाने शिक्षा रद्द केली. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कागदामागे तो सांगणारा एक माणूस उभा करा: हजेरीपत्रकासाठी टाइमकीपर, चित्रणासाठी ते काढणारा, पंचनाम्यासाठी पंच.

अहवालात प्रत्येक आरोपाचा वेगळा विचार हवा. कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला, कामगाराचा बचाव का पटला नाही, हे लिहिलेले असावे. शिक्षा सुचवणे चौकशी अधिकाऱ्याचे काम नाही.

पायरी ६: शिक्षा ठरवताना

शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्याचे म्हणणे घ्या. १९९३ मध्ये ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने हे बंधन सरकारी आणि खासगी, सगळ्या आस्थापनांना लागू असल्याचे सांगितले.

आणि मग खरा कठीण प्रश्न: आरोप सिद्ध झाला, पण नोकरीच घ्यायची का? न्यायाधिकरणाला इथे हात घालण्याचा अधिकार आहे. गैरवर्तन खरे असूनही शिक्षा धक्कादायक वाटण्याइतकी जास्त असेल, तर ते ती कमी करू शकते. अनुचित कामगार प्रथांच्या यादीतही, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात आणि नव्या संहितेतही, हे येते: किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, त्याचे स्वरूप आणि आधीची सेवा न पाहता दिलेली कमालीची विषम शिक्षा. त्याच यादीत सूडबुद्धीने, उघड खोट्या कारणांवरून आणि अवाजवी घाईने केलेली बडतर्फीही आहे.

शिवीगाळीची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. १९८४ मध्ये एका कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला शिवीगाळीसाठी काढले होते. सर्वोच्च न्यायालयाला ती शिक्षा धक्कादायक वाटली आणि बडतर्फी गेली. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात पर्यवेक्षकाला अत्यंत घाणेरड्या शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. शिक्षा सौम्य करावी अशी परिस्थिती तिथे दिसत नव्हती. म्हणजे 'शिवीला बडतर्फी' असा काही तक्ता नाही. चिथावणी होती का, कोणासमोर, कोणते शब्द, पुन्हा पुन्हा की एकदाच, पश्चात्ताप दिसला का, यावर तराजू झुकतो.

पैशांच्या बाबतीत तराजू वेगळा आहे. रोकड हाताळणाऱ्याने अपहार केला असेल तर रक्कम छोटी असल्याचा बचाव सहसा चालत नाही. कर्नाटकातल्या एका एसटी कंडक्टरच्या २००६ च्या प्रकरणात रक्कम साडेतीनशे रुपयांच्या आसपास होती, तरी बडतर्फी कायम राहिली. विश्वास हाच त्या नोकरीचा पाया असतो. मात्र 'विश्वास उडाला' हे शब्द नुसते लिहून भागत नाही. त्यामागे सिद्ध झालेली घटना लागते.

निर्णय घेणाऱ्याने मी सांगेन ती सवय लावून घ्यावी. कोऱ्या कागदावर सेवेची वर्षे, आधीच्या शिक्षा, गुन्ह्याचे गांभीर्य आणि कामगाराच्या बाजूची कारणे लिहावीत. मग वेतनवाढ रोखणे, काही दिवस बिनपगारी निलंबन, पदावनती असे नियमांत उपलब्ध असलेले पर्याय एकेक घेऊन ते का पुरत नाहीत हे लिहावे. लिहिता आले नाही, तर बडतर्फी जास्त आहे असे समजावे. त्याच घटनेत सहभागी दुसऱ्या माणसाला तुम्ही काय शिक्षा दिली, हेही पाहा. एकाला ताकीद आणि दुसऱ्याला, जो योगायोगाने युनियनचा पदाधिकारी आहे, बडतर्फी. यातला फरक तुम्हाला कारणांनी समजावता आला पाहिजे, नाहीतर ते सूडाचेच दिसते.

पायरी ७: आदेश आणि देणी

आदेशावर अधिकार असलेल्या व्यक्तीची सही, आरोपांचा व अहवालाचा संदर्भ, खुलाशाचा विचार आणि शिक्षेची कारणे हवीत. त्याआधी एक गोष्ट तपासा: संबंधित कामगारांबाबतचा एखादा औद्योगिक वाद सलोखा अधिकारी किंवा न्यायाधिकरणापुढे चालू आहे का? असेल, तर त्या वादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठीही एक महिन्याचे वेतन देऊन, जिथे वाद चालू आहे तिथे मंजुरीचा अर्ज करावा लागतो. जयपूरच्या एका भूविकास बँकेच्या २००२ च्या निकालात घटनापीठाने म्हटले की ही मंजुरी नसेल तर बडतर्फी मुळातच निष्फळ ठरते. उत्तम चौकशी केलेली कितीतरी प्रकरणे या एका अर्जाअभावी वाया जातात.

बाकी असलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्या. ग्रॅच्युइटी बडतर्फीमुळे आपोआप बुडत नाही. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचे कृत्य अशा ठरावीक कारणांनीच ती जप्त करता येते आणि त्यासाठी वेगळी नोटीस व वेगळा आदेश लागतो. नुकसानीच्या बाबतीत जप्ती नुकसानीच्या रकमेपुरतीच.

तीन अवघड वळणे

गैरहजेरी: 'सलग आठ दिवस न आल्यास नोकरी सोडली असे समजले जाईल' असे कलम असले, तरी चौकशीशिवाय नाव कमी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे ठरवले. २०१२ मध्ये पुढे असेही म्हटले की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध करावे लागते. आईच्या आजारपणात गावी अडकलेला माणूस आणि दुसरीकडे नोकरी धरलेला माणूस हजेरीपत्रकावर सारखेच दिसतात. आधी पत्र पाठवून कामावर बोलवा, कारण विचारा.

पोलीस केस: गुन्हा दाखल झाला म्हणून चौकशी थांबवावी लागत नाही. आरोप गंभीर, दोन्हीकडे तेच तथ्य आणि कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील तरच स्थगिती मिळू शकते. फौजदारी खटल्यातून सुटका झाली म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही. मात्र दोन्हीकडचे साक्षीदार आणि पुरावा एकच असेल, तर ती सुटका जड पडते.

लैंगिक छळ: इथे २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समितीच चौकशी करते, ९० दिवसांत. अहवाल दहा दिवसांत दोन्ही बाजूंना व मालकाला द्यायचा आणि शिफारशीवर मालकाने साठ दिवसांत कृती करायची. समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल मानला जातो, त्यावर पुन्हा चौकशी लावून तक्रारदार महिलेला दुसऱ्यांदा साक्षीला उभे करू नका.

चौकशी सदोष निघाली तर? आणि कामगाराने काय करावे?

न्यायाधिकरणाने चौकशी अन्यायकारक ठरवली तरी सगळे संपत नाही. फायरस्टोनच्या १९७३ च्या निकालानुसार मालक तिथे नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकतो. पण ती मागणी कैफियतीतच (न्यायाधिकरणापुढच्या लेखी उत्तरातच), सुरुवातीला करावी लागते. आणि तोवर साक्षीदार निवृत्त झालेले असतात, चित्रण पुसलेले असते. बडतर्फी रद्द झाल्यास पुनर्नियुक्तीबरोबर मागील पगाराचा प्रश्न येतो. चुकीने काढलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे तो मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. त्यासाठी त्या काळात आपण दुसरीकडे नोकरीत नव्हतो, हे कामगाराला सुरुवातीलाच सांगावे लागते.

कामगारासाठी: आरोपपत्र नाकारू नका, घ्या आणि तारीख लिहून घ्या. खुलासा रागात लिहू नका, प्रत्येक आरोपाला क्रमाने उत्तर द्या. न मिळालेली कागदपत्रे लेखी मागा. चौकशीला हजर राहा. चौकशी अन्यायाने चालली असेल तर निषेध नोंदवून हजर राहा, बहिष्कार टाकू नका. तुमचे म्हणणे रोजनाम्यात घेतले नाही तर त्याच दिवशी अर्ज करून पोच घ्या. बडतर्फीचा आदेश आल्यावर सलोखा अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता. पूर्वी यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षे मिळत, नव्या संहितेत दोनच आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार करायची तर मुदत आणखी कमी, फक्त ९० दिवस. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो फेकू नका, त्यावरची पोस्टाची तारीख पुढे लागते.